रस्ता आधीच बांधलेला आहे

नैऋत्य फ्रान्समधल्या लॉत नदीच्या खोऱ्यात गेली काही वर्षं एक वाद चालू आहे. काओर ते कापदनाक हा सुमारे सत्तर किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1886 मध्ये सुरू झाला आणि 1980 मध्ये त्यावरची प्रवासी गाडी बंद पडली. आज रुळांवर झाडोरा माजलाय. नदी ओलांडणारे लोखंडी पूल आणि डोंगरातले बोगदे तसेच उभे आहेत. एक बाजू म्हणते, रूळ उखडा आणि तिथे सायकलस्वारांसाठी, पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र हरित मार्ग करा. दुसरी बाजू म्हणते, एकदा रूळ गेले की गाडी परत येण्याची आशाच संपली, तेव्हा त्यांना हात लावू नका. मी तुलूझला राहते, बहुतेक शनिवारी सकाळच्या गाडीत सायकल चढवून काओरला उतरते, त्यामुळे हा वाद ओळखीच्या लोकांकडून दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. दोन्हीकडची माणसं कळकळीची आहेत. पण वाद ऐकताना राहून राहून एकच वाटतं, की या खोऱ्यात रेल्वे आणि हरित मार्ग यांखेरीज एक तिसरी गोष्ट आहे, ती सगळ्यांच्या पायाखाली आहे, आणि तिचं नाव कुणी काढत नाही. ती म्हणजे रस्ता.

माझं मत आधीच सांगून टाकते. या खोऱ्यात सायकल चालवायला जो रस्ता हवा, तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी गावकऱ्यांच्या हातांनी बांधून झालेला आहे. तो अरुंद आहे, वळणावळणाचा आहे, प्रत्येक वस्तीच्या दारापर्यंत जाणारा आहे आणि वर्षातले दहा महिने जवळजवळ मोकळा असतो. त्याची डागडुजी करणं, त्यावरचा वेग खाली ठेवणं आणि त्यावरून सायकलस्वाराला हुसकून न लावणं, हे इथलं खरं सार्वजनिक काम आहे. नदीकाठी एक सुंदर वेगळी पट्टी आखून सायकलींना तिच्यावर नेऊन सोडणं म्हणजे हे काम झालं असं नव्हे. उलट त्यामुळे ते काम टळेल, अशी मला भीती वाटते.

कुठल्या रस्त्याबद्दल बोलते आहे ते सांगायला हवं. लॉतला मिळणारी सेले ही छोटी नदी घ्या. कोंदुशेपाशी ती लॉतमध्ये येते. तिथून वर फिजाकपर्यंत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, डी 41 हा जिल्हा रस्ता तिच्या काठाकाठाने जातो. एका बाजूला पॉपलरच्या रांगा आणि कुरणं, दुसऱ्या बाजूला चुनखडीचा पिवळट कडा, काही ठिकाणी तर थेट डोक्यावर आलेला. काब्रेरे येतं, त्याच्या वरच्या डोंगरात पेश-मेर्लची गुहा आहे, ठिपकेवाल्या घोड्यांच्या चित्रांची. मग सोलियाक, मग मार्सियाक आणि तिथला पडझड झालेला मठ, पुढे एस्पान्याक. दर किलोमीटरला पिवळ्या डोक्याचा दगड. पिवळं डोकं म्हणजे जिल्हा रस्ता. मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी कोंदुशेहून मार्सियाकपर्यंत गेले तेव्हा मागून आलेल्या गाड्या मोजल्या होत्या. अकरा. त्यांतली एक पावाची गाडी, एक पोस्टाची, एक गुरांचा ट्रेलर ओढणारी. उरलेला वेळ टायरखाली खडबडीत डांबराचा एकसारखा आवाज आणि नदीचं पाणी. सायकल चालवणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवं असतं?

ही शांतता आपोआप आलेली नाही. ती कुठून आली हे कळल्याशिवाय ती कशी टिकवायची हेही कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रस्ते झाले ते राजमार्ग, पॅरिसकडे धावणारे. ते शेतकऱ्याकडून वेठीने बांधून घेतले गेले, आणि ज्या रस्त्यावर त्याची स्वतःची बैलगाडी क्वचितच जायची त्या रस्त्यासाठी राबावं लागल्याचा राग त्याच्या मनात राहिला. गाव ते गाव, गाव ते बाजार हा रस्ता मात्र चिखलाचाच होता. 21 मे 1836 च्या कायद्याने ते बदललं. गावरस्त्यांची देखभाल करणं प्रत्येक कम्यूनला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला, बंधनकारक झालं. त्यासाठी पैसे नव्हते, म्हणून अठरा ते साठ वयाच्या धडधाकट पुरुषाने वर्षाला तीन दिवसांपर्यंत काम द्यायचं, बैलगाडी असेल तर तीही आणायची, नाहीतर रोख भरायचे. हेही एका अर्थी वेठीचंच काम होतं, पण आता रस्ता स्वतःच्या शेताचा, स्वतःच्या चर्चचा, स्वतःच्या बाजाराचा होता. त्यातून जे जाळं उभं राहिलं ते आजही फ्रान्सच्या एकूण अकरा लाख किलोमीटर रस्त्यांचा सर्वात मोठा भाग आहे. जवळपास सात लाख किलोमीटर रस्ते आजही कम्यूनचे आहेत, आणि पावणेचार लाखांहून अधिक जिल्ह्यांचे.

हे जाळं विणलं गेलं तेव्हा लॉत जिल्हा भरलेला होता. 1851 मध्ये इथे जवळजवळ तीन लाख माणसं राहत होती. नंतर द्राक्षवेलींवर फिलॉक्सेरा नावाची कीड आली आणि काओरचे मळे बसले. माणसं शहरांकडे गेली. मग पहिलं महायुद्ध झालं. आज जिल्ह्यात पावणेदोन लाख माणसं आहेत. म्हणजे तीन लाखांसाठी बांधलेल्या रस्त्यांवर आज त्याहून कितीतरी कमी लोक राहतात. वर 2003 पर्यंत ब्रिव्ह ते मोंतोबां हा ए 20 महामार्ग पूर्ण झाला आणि लांब पल्ल्याची रहदारी त्याने उचलून नेली. जुना राष्ट्रीय मार्ग क्रमांक 20 इथे आता साधा जिल्हा रस्ता आहे, डी 820. डी 41 वर मला मिळालेल्या त्या शांत सकाळीचा हिशेब असा आहे: कायदा, कष्ट, ओसाडी आणि महामार्ग.

यातला ओसाडी हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण माझ्या मताविरुद्धचा सर्वात जड आक्षेप तिथेच आहे. "तुमची शांतता म्हणजे आमची रिकामी घरं," असं मला एका गावातल्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. बरोबर सांगितलं. इथल्या प्रत्येक गावात युद्धस्मारक आहे, आणि काही वाड्यांत त्या दगडावरची नावं आजच्या उंबऱ्यांपेक्षा जास्त आहेत. शाळा मिटल्या, दवाखाना वीस-तीस किलोमीटरवर गेला, गाडीशिवाय म्हाताऱ्या माणसाला औषधही मिळत नाही. अशा ठिकाणी तुलूझहून आलेल्या सायकलवालीने रस्ता हळू ठेवा म्हणायचं, हे कुणाला उद्धटपणाचं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही. जुलै 2018 मध्ये सरकारने दुभाजक नसलेल्या रस्त्यांवरची मर्यादा ताशी 90 वरून 80 वर आणली तेव्हा ग्रामीण फ्रान्स पेटून उठला, त्यामागे हीच भावना होती, की पॅरिसला मेट्रो आणि आम्हाला दंड. पुढे 2019 च्या कायद्याने जिल्ह्यांना मर्यादा परत वाढवायची मुभा मिळाली आणि काही जिल्ह्यांनी ती वाढवलीही.

पण हिशेब करून पाहू. वीस किलोमीटरचा दवाखान्याचा रस्ता सगळाच्या सगळा पूर्ण वेगाने कापता आला, जे वळणांच्या रस्त्यावर होत नाही, तरी 80 ऐवजी 90 ने किती वाचेल? एक मिनिट चाळीस सेकंद. आणि मी ज्या छोट्या, मधली रेषही नसलेल्या गावरस्त्यांबद्दल बोलते आहे, तिथे शेवटचे तीन किलोमीटर 80 ऐवजी 60 ने गेलं तर पंचेचाळीस सेकंद जास्त लागतील. त्या बाईंची व्यथा खरी आहे, पण ती या पंचेचाळीस सेकंदांत नाही. ती मिटलेल्या शाळेत आहे, दूर गेलेल्या डॉक्टरांत आहे, बंद केलेल्या बसमध्ये आहे. रस्त्याचा वेग वाढवून यातलं काय परत आलं? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आपण म्हणतो ते हेच.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हरित मार्गवाल्यांचा हुकमी एक्का आहे. फ्रान्समध्ये दरवर्षी दोनशेहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर मरतात आणि त्यांतले निम्म्याहून जास्त वस्तीबाहेरच्या रस्त्यांवर. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण मी त्याच रस्त्यांवर असते. वेग जास्त असला की धडक जीवघेणी होते, यात वाद नाही. डी 41 वरही काही वळणं अशी आहेत की कड्याच्या पोटाखाली समोरून काय येतंय ते दिसत नाही, आणि ऑगस्टमध्ये कॅम्पर गाड्यांची रांग लागली की तिथे मलाही धस्स होतं. दहा वर्षांच्या मुलाला मी ऑगस्टमध्ये तिथे पाठवणार नाही. स्वतंत्र मार्गावर पाठवीन. आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसलेली पन्नाशीची बाई, व्हीलचेअरवरचा माणूस, बाबागाडी ढकलणारे आईबाप, या सगळ्यांसाठी हरित मार्ग हा मोठा आधार आहे. शेजारच्या दॉर्दोन्य जिल्ह्यात सार्लातहून निघणारा, जुन्या रेल्वेच्या बांधावरचा मार्ग मी पाहिला आहे. रविवारी तिथे तीन-तीन पिढ्या एकत्र दिसतात. अशा मार्गांना माझा विरोध नाही.

विरोध आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. निष्कर्ष असा, की रस्ता धोक्याचा आहे, म्हणून सायकल रस्त्यावरून काढा. वरवर हे दयाळू वाटतं. पण हाच तर्क याच खोऱ्याच्या परिसरात पन्नास वर्षांपूर्वी एकदा वेगळ्या रूपात येऊन गेला आहे, आणि त्याला उत्तर देणारा माणूस इथलाच होता. जॉर्ज पाँपिदू शेजारच्या कांतालचे, आणि लॉतकाठच्या काजार्कजवळ त्यांचं सुट्टीतलं घर होतं. स्वतः मोटारीचे शौकीन, शहरं मोटारींना सोयीची करावीत असं मानणारे राष्ट्राध्यक्ष. त्या काळात फ्रान्सच्या रस्त्यांवर माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती. 1972 या एका वर्षात सोळा हजारांहून अधिक. गाड्या झाडांवर आदळत होत्या, तेव्हा झाडं तोडा, असा उपाय अभियंत्यांनी काढला आणि दुतर्फाचे प्लेन वृक्ष पडू लागले. 28 मे 1970 रोजी पाँपिदूंनी आपल्या पंतप्रधानांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की फ्रान्स हा देश केवळ फ्रेंच लोकांना मोटारीतून फिरता यावं म्हणून केलेला नाही, आणि रस्ते-सुरक्षेचा प्रश्न कितीही मोठा असला तरी त्यापायी या देशाचं रूप विद्रूप होता कामा नये.

पुढे काय झालं? रस्त्यावरचे मृत्यू कमी झाले, आणि प्रचंड झाले. सोळा हजारांवरून आज तीन हजारांच्या आसपास. हे झाडं तोडून झालं नाही. 1973 पासून वेगमर्यादा आल्या, सीटबेल्ट सक्तीचा झाला, 1978 मध्ये दारूच्या तपासण्या कडक झाल्या, 2003 पासून वेग टिपणारे कॅमेरे बसले. म्हणजे ज्याच्या हातात धोका होता त्याच्यावर बंधन आलं, तेव्हा माणसं वाचली. मग आज सायकलस्वाराच्या बाबतीत आपण पुन्हा झाड तोडण्याचा उपाय का काढतो आहोत? झाड हलू शकत नव्हतं म्हणून तोडलं. सायकलस्वार हलू शकतो म्हणून बाजूला केला. जो कमकुवत आहे त्याला उचलून कडेला ठेवायचं आणि वेगाला हात लावायचा नाही, हा विचार दोन्हीकडे एकच.

तो विचार कुठवर जातो याचंही उदाहरण आहे. जर्मनीत 1934 च्या वाहतूक नियमांनी जिथे सायकलपट्टी असेल तिथे सायकलस्वाराने तीच वापरायची, अशी सक्ती आली. सायकलस्वाराच्या सुरक्षेच्या नावाखाली मोटारींना मुख्य रस्ता मोकळा करून दिला गेला. फ्रान्समध्ये आज बहुतेक सायकलमार्गांची सक्ती नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण कायद्यात नसलेली सक्ती चालकाच्या मनात तयार होते. ज्या गावाजवळ नवा मार्ग झाला, तिथल्या साध्या रस्त्यावर मला एकदा काच खाली करून "तुमचा रस्ता तिकडे आहे" असं सुनावलं गेलं. तिकडे म्हणजे नदीकाठी. मला तर वरच्या गावात जायचं होतं.

इथेच मुद्दा येतो रेषेचा आणि जाळ्याचा. रेल्वेच्या बांधावरचा मार्ग ही एक रेषा आहे. ती नदीच्या तळाने जाते, सपाट, सरळ, पर्यटकाला हवी तशी. लॉत जिल्ह्यात कम्यून मात्र तीनशेहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक त्या रेषेवर नाहीत; त्या वर कॉसच्या पठारावर आहेत, ओकच्या खुज्या जंगलात, मेंढ्यांच्या कुरणांच्या दगडी कुंपणांमागे. तिथल्या मुलीला शेजारच्या गावात मैत्रिणीकडे जायचं असेल, तिथल्या सत्तरीच्या काकांनी बॅटरीवरची सायकल घेऊन बाजाराला जायचं ठरवलं, तर त्यांना ती रेषा काय कामाची? त्यांना हवा आहे तो दारासमोरचा रस्ता, ज्यावरून त्यांचे पणजोबा खडी वाहून आले. लुआर नदीकाठचा सायकलमार्ग युरोपभर गाजला, जवळपास 900 किलोमीटरचा आहे, आणि हरित मार्गाच्या बाजूने बोलताना त्याचं नाव हटकून घेतलं जातं. पण त्यावर जे खरोखर फिरलेत त्यांना ठाऊक आहे, की त्याचा फार मोठा भाग म्हणजे पाट्या लावलेले साधे, कमी रहदारीचे रस्तेच आहेत. तिथे शहाणपणा झाला तो बांधण्यात कमी आणि निवडण्यात जास्त.

निवडण्याची ही कला फ्रेंच सायकलस्वारांना जुनीच आहे. मिशेलिनचे नकाशे 1910 पासून निघू लागले, आणि आजही ते उघडले की मुख्य रस्ते लाल, त्याखालचे पिवळे, आणि सर्वात लहान ते पांढरे. ज्या रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ आहे तो देखणा. जुना सायकलवाला नकाशावर बोट ठेवून "पांढरे धरा" एवढंच सांगतो. हे रस्ते मोटारींचे, सायकल तिथली पाहुणी, असं ज्यांना वाटतं त्यांनी इतिहास जरा मागून वाचावा. 1890 मध्ये फ्रान्सचा तूरिंग क्लब स्थापन केला तो सायकलस्वारांनी, आणि रस्त्यांवर दिशा दाखवणाऱ्या पाट्या हव्यात यासाठी झटला तो हाच क्लब, मोटारी फारशा नव्हत्या तेव्हा. 1936 मध्ये कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा तरुण जोडपी दोघांची सायकल घेऊन याच रस्त्यांवर उतरली. आणि लॉतकाठच्या रस्त्याला तर याहून मोठा मान मिळाला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 मध्ये, काओरने स्वतःला 'जागतिक नगर' म्हणून जाहीर केलं आणि 1950 मध्ये काओर ते सँ-सीर-लापोपी हा रस्ता सीमा नसलेल्या जगाचा मार्ग क्रमांक 1 म्हणून वाजतगाजत खुला केला. तिथून तो पृथ्वीभोवती जायचा होता. कवी आंद्रे ब्रेताँ त्या समारंभाला आले, कड्यावरचं ते गाव पाहून तिथेच घर घेतलं आणि पुढचे उन्हाळे तिथे काढले. सगळ्या जगाने एकमेकांकडे जायचं असेल तर कशावरून जायचं, तर या नदीकाठच्या साध्या रस्त्यावरून, असं तेव्हाच्या लोकांना वाटलं. वेगळी वाट आखावी असं त्यांच्या मनात आलं नाही.

आता रेल्वेकडे वळते. एका कामासाठी बांधलेल्या वेगळ्या वाटेचं काय होतं, हे हा बंद पडलेला मार्गच आपल्याला सांगत असताना आपण ऐकत का नाही? 1878-79 च्या फ्रेसिने योजनेत फ्रान्सने तालुक्या-तालुक्याला रेल्वे पोहोचवण्यासाठी हजारो किलोमीटरचे मार्ग हाती घेतले. काओर-कापदनाकही त्याच काळातला. मोठं स्वप्न होतं ते, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण दोन-तीन पिढ्यांत त्यांतले कितीतरी मार्ग बंद पडले. रेल्वेच्या बांधावरून फक्त रेल्वे जाऊ शकते. ती थांबली की बांधावर काटेरी झुडपं उगवतात. त्याच खोऱ्यातला गावरस्ता मात्र बैलगाडीच्या काळात होता, सायकलीच्या काळात होता, ट्रॅक्टर आला तरी होता आणि आजही आहे, कारण तो कुणा एकाचा नाही. हरित मार्गाला पुन्हा तीच अडचण येणार. त्याचे पूल, बोगदे, खडी-मातीचा पृष्ठभाग, पावसाळ्यातला चिखल, मुळांनी उचललेलं डांबर, हे सगळं दरवर्षी कुणीतरी पाहायचं आहे, आणि ते पाहण्याचं एकमेव कारण उन्हाळ्यातला पर्यटक असणार. तो दुसरीकडे गेला की? त्यापेक्षा ते रूळ, बोगदे, पूल आहेत तसे सांभाळा. गाडी परत येईल की नाही हे मला सांगता येणार नाही, पण इथल्या लोकांना सर्वात जास्त उणीव भासते ती तिचीच.

उलट टोकाचं उदाहरण दॉर्दोन्य नदीवर घडलं. बेनाक हे कड्याखालचं गाव. उन्हाळ्यात तिथे गाड्या तुंबतात, म्हणून गावाला वळसा घालणारा 3.2 किलोमीटरचा रस्ता आणि नदीवर दोन पूल, अशी योजना जिल्ह्याने आखली. 2018 मध्ये काम सुरू झालं, खांब नदीत उभे राहिले. त्या वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवलं. 2019 मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने परवानगी रद्द करून जे उभं केलं ते पाडा असा आदेश दिला. 2020 मध्ये जिल्ह्याचं अखेरचं अपीलही फेटाळलं गेलं. संरक्षित जीवांचा अधिवास मोडण्याइतकी ही गरज निकडीची नाही, हा निकालाचा गाभा. मला यातून दिसतं ते एवढंच, की वर्षातल्या काही आठवड्यांच्या कोंडीवर आपल्याला सुचणारा उपाय नेहमी नवं बांधण्याचाच असतो, मग तो मोटारींसाठी वळणरस्ता असो की सायकलींसाठी हरित पट्टी. आहे तो रस्ता कसा वापरला जातो, ऑगस्टमध्ये किती गाड्या आत सोडायच्या, गावाबाहेर कुठे थांबवायच्या, बस कुठून सोडायची, हे ठरवायला सिमेंट लागत नाही, पण लोकांशी बोलावं लागतं.

मग करायचं काय? मधली रेष नसलेल्या सगळ्या गावरस्त्यांवर मर्यादा 60 करा, कड्याखालच्या आंधळ्या वळणांवर 30. जरा रुंद रस्त्यावर कडेला तुटक रेघा मारून मधोमध एकच गाडीपट्टी ठेवण्याची पद्धत फ्रान्समध्ये आहेच, लोक तिला 'चोसिदू' म्हणतात. समोरून गाडी आली की दोघांनी हळू होऊन कडेला सरकायचं. ती इथे बसते. वस्तीबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा नियम आहे, आणि त्यासाठी जागा असेल तर अखंड पांढरी रेष ओलांडायची परवानगी 2015 पासून आहे. कितीतरी चालकांना ती माहीतच नाही. 1985 च्या कायद्याने मोटारीच्या धडकेत जखमी झालेल्या पादचाऱ्याला आणि सायकलस्वाराला भरपाई मिळते, त्याची चूक अक्षम्य असल्याशिवाय. म्हणजे ज्याच्याकडे वजन आणि वेग आहे त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व इथल्या कायद्याने मान्य केलेलं आहे. ते रस्त्यावर उतरवायचं बाकी आहे. आणि पैसा द्या, पण खड्ड्यांना द्या. सरासरी साडेपाचशे माणसांच्या कम्यूनला डझनावारी किलोमीटर रस्ते सांभाळायचे असतात. नव्या मार्गासाठी अनुदान मिळतं, त्याची फीत कापली जाते. खड्डा बुजवल्याची फीत कोण कापणार?

हे स्वप्नरंजन आहे असं म्हणणाऱ्यांना मी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसकडे पाहायला सांगेन. 1891 पासूनची ही राइड, आज दर चार वर्षांनी होते, 1200 किलोमीटर, बहुतेकांसाठी मर्यादा नव्वद तासांची. 2019 आणि 2023 मध्ये तिथे शेकडो भारतीय होते, त्यांत पुण्या-मुंबईकडचेही. ती कुठल्या हरित मार्गावरून जात नाही. पश्चिम फ्रान्समधल्या ब्रितानीच्या साध्या जिल्हा रस्त्यांवरून रात्रंदिवस हजारो सायकली जातात, आणि गावकरी रात्री दोन वाजता दारात टेबल मांडून कॉफी देतात. माझ्या ओळखीच्या पुण्यातल्या एका स्वाराला परत आल्यावर विचारलं, तिथलं काय आवडलं. तो म्हणाला, "ताई, मागची गाडी थांबते. हॉर्न न वाजवता, वळण संपेपर्यंत मागे थांबते." आपल्याकडे रस्ता रुंद करताना वडाची जुनी झाडं जातात तेव्हा आपल्याला हळहळ वाटते, पण रुंदीकरणाशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्या स्वाराला जे दिसलं ते कुठल्याच निविदेत मिळत नाही.

गेल्या शरदात सोलियाकच्या पुढे रस्त्यात खडी पसरल्याची पाटी दिसली म्हणून मी उतरून चालू लागले. वळणावर कम्यूनचा कामगार एकटाच होता. छोट्या ट्रकमधून फावड्याने डांबरी खडी काढायची, खड्ड्यात टाकायची, फावड्याच्या पाठीने चोपायची, मग बूट आपटून पाहायचं. मी थांबून त्याला विचारलं, रेल्वेच्या जागी सायकलमार्ग व्हावा असं तुम्हाला वाटतं का. त्याने फावडं टेकवून थोडा विचार केला. "होऊ दे की," तो म्हणाला, "पण त्याच्या कडेचं गवत कापायला माणूस कुठून आणणार? आम्ही इथे दोघंच आहोत." एवढं बोलून त्याने पुढच्या खड्ड्याकडे ट्रक सरकवला, आणि मी जावं म्हणून हाताने वाट दाखवली.